येळवशीच्या दुरडीतली कॅसेट

परवा बंगळुरूहून भाचीचा फोन आला. म्हणाली, "मावशी, तू ऐकतेस ना ती धडाडधूम इंग्रजी गाणी, ती मलाही ऐकायचीत. पण इतकी आहेत, सुरुवात कुठून करू? तूच निवडून पाठव की." मी बीदरच्या घरात वाल सोलत बसले होते. येळवस तोंडावर आली होती. वालाचं सूप तसंच बाजूला सारलं आणि फोनमध्ये डोकं घातलं. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, पण आपणहून गणित विचारायला माझ्याकडे कधी कुणी फिरकलं नाही. गाणी मात्र कुणी विचारली की माझे पाय जमिनीवर राहत नाहीत.

हल्ली हे काम फार सोपं झालंय. बोट लावलं की गाणं सरकतं, खालचं वर जातं, नको असलेलं नाहीसं होतं. सोपं झालं म्हणूनच बहुधा लोक वाटेल ते भरून पाठवतात. एखाद्या बँडचं कुणी नुसतं नाव काढलं की शेकडो गाणी अंगावर येतात. नव्या माणसाला असं करणं म्हणजे पाहुणा अजून पाय धुतोय आणि तुम्ही त्याच्या ताटात पातेलं उपडं करताय. मग तो जन्मात तुमच्या घराकडे बघणार नाही, आणि तुम्ही म्हणणार, त्याला चवच नाही.

मी इथे बँडची खरी नावं लिहीत नाही, ते मुद्दाम. नाव कळलं की माणूस गाण्याआधी नावच ऐकायला लागतो. शिवाय कॉलेजात असताना आमच्या हॉस्टेलच्या खोलीत त्यांना आमची नावं होती. गिरणीवाले, लांबणवाले आणि हळवे. गिरणीवाल्यांच्या गिटारी भरात आल्या की पिठाच्या गिरणीचा पट्टा घसरल्यासारख्या किंचाळायच्या. लांबणवाल्यांचं एकेक गाणं संपेपर्यंत भात शिजून व्हायचा. आणि हळव्यांचा गाणारा प्रत्येक ओळ अशी म्हणायचा, की त्याला आत्ताच कुणीतरी घराबाहेर काढलंय. भाचीला कोण आधी द्यावेत, याचा विचार करता करता वाल संध्याकाळपर्यंत तसेच राहिले.

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. ऐन थंडीत येते. त्या दिवशी आमच्या भागातली गावं रिकामी होतात आणि शेतं भरतात. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभी करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे. ते पांडव. आणलेलं सगळं आधी त्यांच्यापुढे ठेवायचं, हळदकुंकू वाहायचं, मग जेवायला बसायचं. वाटेनं जाणारा कुणीही असो, त्याला हाक मारून बसवायचं. त्याला आधी अंबिल द्यायची, थंडगार, ज्वारीच्या पिठाची, ताकातली, लसणाचा नुसता वास असलेली. उन्हातून आलेल्या माणसाचा घसा तिनं मोकळा होतो. मग उंडे, म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे, आणि भज्जी. भज्जीत वाल, तूर, हरभरा, शेंगदाणे, शेतात जे हिरवं दिसेल ते सगळं. पहिलाच घास भज्जीचा दिला तर नवखा माणूस गोंधळतो, की हे नक्की काय आहे. मला वाटतं, गाणी कशी लावायची ते मी या पंगतीतच शिकले. कळायला मात्र फार वर्षं लागली.

कारण मला स्वतःला ही गाणी अगदी उलट्या क्रमानं मिळाली. ऐंशीनंतरची वर्षं. कलबुर्गीला तेव्हा सगळे गुलबर्गाच म्हणत. मी तिथं कॉलेजला होते. हॉस्टेलमध्ये माझ्या खोलीत नसरीन होती, हैदराबादची. तिचा भाऊ आखातात. त्यानं तिला दोन कॅसेटी एकदम बसतील असा टेपरेकॉर्डर आणि पिशवीभर कॅसेटी पाठवल्या होत्या. पहिल्याच दिवशी तिनं मला लांबणवाल्यांचं सगळ्यात लांब गाणं लावून दिलं. मी कानांवर उशी धरली. म्हटलं, "नक्को गे माय, बंद कर." ती म्हणाली, "पैले सुन तो ले. समझना बाद में." मी ऐकलं नाही. बरेच दिवस ती टेप लावायची आणि मी गच्चीत जाऊन वाळत घातलेल्या कपड्यांत बसून अभ्यास करायची.

मग एका रविवारी मी न्हाणीघरात केस धूत होते. शिकेकाई डोळ्यात गेलेली. भिंतीपलीकडून हळव्यांचं एक गाणं आलं. नुसती एक गिटार, आणि तो माणूस. शब्द एक कळला नाही. मी तशीच फेसाळलेल्या डोक्यानं खोलीत गेले आणि विचारलं, "ये कौन है?" नसरीन हसत सुटली. फरशीवर माझ्या डोक्याचं पाणी टपकत होतं, आणि ती म्हणत होती, "आगे आ, बैठ." त्या हिवाळ्यात शहाबादी फरशी अंगाला इतकी गार लागायची की आम्ही टेपरेकॉर्डर आळीपाळीनं मांडीवर घ्यायचो. बराच वेळ चालला की तो खालून कोमट व्हायचा. आजही कुठे ती गाणी लागली की माझ्या मांडीला ऊब लागल्यासारखी वाटते. हे मी कुणाला सांगत नाही, लोक हसतात.

त्याच हिवाळ्यात माझं लग्न ठरलं. स्थळ राजेश्वरचं. मुलगा बसवकल्याणच्या कचेरीत कारकून, घरची शेती, नाव दिगंबरराव. आमचं घर खटकचिंचोळीला. अप्पा, म्हणजे माझे वडील, तिथं हेडमास्तर. बघण्याच्या दिवशी बैठकीत इतके काका-मामा होते की मुलगा कुठला ते मला पोहे देताना कळलं. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "रेडिओ ऐकता का?" मी म्हटलं, "व्हय." मला पुढे पुष्कळ सांगायचं होतं, पण कुणा मामाला मध्येच उसाचा भाव आठवला. पाहुणे गेले आणि आठवड्यात सुपारी फुटली.

मला मुलगा आवडला नव्हता असं नाही. माझी काळजी वेगळी होती. माझी एक आत्या लग्नाआधी पेटी वाजवायची. सुरेख वाजवायची म्हणतात, मी कधी ऐकली नाही. मी तिच्या घरी जायची तेव्हा ती पेटी कोनाड्यात असायची आणि तिच्यावर डाळीचे डबे. कुणी तिला वाजवू नको म्हटलं होतं असंही नाही. आत्याचा नवरा भला माणूस होता. पण वाजव असंही कुणी म्हटलं नव्हतं. मला भांडणाची भीती वाटत नव्हती, मी भांडून घेतलं असतं. मला भीती त्या डब्यांची होती. नव्या घरात कुणाच्याही नकळत, हसतखेळत, माझी गाणी डाळीखाली गेली तर मी काय करणार होते?

तेव्हा मी ठरवलं, या माणसाला आधीच सांगायचं. पण सांगायचं कसं? पत्र लिहिलं असतं तर ते सगळ्या घरानं वाचलं असतं. आणि ही गाणी पत्रात लिहून सांगायची गोष्टच नाही. म्हणून मी कोरी कॅसेट आणली आणि तिच्यात निवडून गाणी भरायची ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी नव्या माणसासाठी गाणी निवडत होते, आणि तो नवा माणूस माझा होणारा नवरा होता. नसरीन म्हणाली, "पैले जोर का लगा, डर के भागना है तो अभी भाग जाए." मी ते मानलं नाही. हळव्यांपासून सुरुवात केली. गिरणीवाले मध्ये ठेवले. लांबणवाल्यांचं ते पहिल्या दिवशीचं गाणं, जे एव्हाना मला सगळ्यात जवळचं झालं होतं, शेवटी ठेवलं, म्हणजे कंटाळा आला तर कॅसेटच संपेल.

पण माझा तेवढ्यावरही विश्वास बसेना. मास्तरांची मुलगी, समजावून सांगितल्याशिवाय चैन पडेल कसं? टेपरेकॉर्डरला माइक होता. प्रत्येक गाण्याआधी मी त्यात बोलायला लागले. "नमस्कार. हे गाणं साधं आहे, डोळे मिटून ऐकावं." गिरणीवाल्यांच्या आधी म्हटलं, "आता जो आवाज येईल त्यानं घाबरू नये. टेप बिघडलेली नाही. हे लोक मुद्दाम तसं वाजवतात." एका ठिकाणी म्हटलं, "इथे तो काय ओरडतो ते मलाही कळत नाही, पण त्याचं काहीतरी हरवलंय हे नक्की." नसरीन तोंडात ओढणी कोंबून बसली होती. शेवटच्या गाण्याआधी मात्र मी तिला बाहेर काढलं आणि एकटीनंच बोलले. "हे गाणं मी दार लावून ऐकते. एकटी. लग्नानंतरही ऐकणार आहे. चालेल ना?"

आता कॅसेट राजेश्वरला कशी पोहोचवायची? आमच्याकडे सुपारी फुटलेल्या वर्षी मुलीकडून मुलाच्या शेतावर येळवशीची दुरडी जायची. उंडे, तिळाच्या भाकरी, शेंगाच्या पोळ्या, सगळं बांबूच्या दुरडीत, वरून फडकं. आमचं शेत बटईनं करणाऱ्या मल्हारीमामाची सासुरवाडी राजेश्वरजवळच होती, तो दुरडी घेऊन जाणार होता. मी पोळ्यांच्या चवडीत कॅसेट सरकवली आणि त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "मामा, ही त्यांच्याच हातात द्यायची." मल्हारीमामानं मान हलवली. मान हलवणं हा त्याचा स्वभाव होता, हे मी लक्षात घ्यायला हवं होतं.

त्या दिवशी आमच्याही शेतात पंगत होती. तुरीच्या शेंगा वाळून खुळखुळत होत्या, करडई हिरवीगार, हवेत अंबिलीचा आंबूस वास. आईनं मला दोनदा विचारलं, "जेवायलीस का बघायलीस?" मी बांधापलीकडे बघत होते. तिकडं पलीकडच्या तालुक्यात कुठेतरी एक माणूस दुपारी टेप लावेल, डोळे मिटेल. अशी चित्रं रंगवायला त्या वयात काही लागत नाही.

मल्हारीमामा दुसऱ्या दिवशी आला. अप्पा ओसरीत होते, मी चौकटीत. मामानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि खुशीत सांगायला सुरुवात केली. "लई मान केला बगा. दुरडी म्या आत्याबाईच्या हातात दिली. रीतच हाय तशी, दुरडी मालकिणीच्या हातात. त्यानी समदं खोपीत पांडवाम्होरं मांडलं. टेप निगाली पोळ्यातनं. आत्याबाईनं तिला बी हळदकुकू लावलं." दिगंबररावांच्या आईला मीही आत्याबाईच म्हणायची, आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात. मी दाराची चौकट घट्ट धरली. येळवशीच्या दुरडीतली वस्तू एकट्याची नसते, खोपीत गेली की ती सगळ्या पंगतीची होते. हे मला ठाऊक नव्हतं थोडंच? जन्मापासून पाहत होते. आणि मी नेमकी त्याच दुरडीत ती कॅसेट घातली होती.

"मग मामंजी म्हणले, सूनबाईकडनं भजनाची टेप आली, लावा. शेजारच्या शेतातनं टेप आणला. समदं गाव बसलेलं, शंभराक माणूस. आन् बाई, तुमचाच आवाज निगाला! नमस्कार म्हणलाव. दोन म्हाताऱ्यांनी हात बी जोडले." मामा हसायला लागला. अप्पा हसत नव्हते. "मग गाणं. बरं होतं ते, रडका होता बिचारा. मग तुमी म्हणलाव, घाबरू नगा. आन् जे काय सुरू झालं! बैलं उटून हुभारली. येक म्हातारं म्हणलं, मशीन जळायलीय, बंद करा. पर मामंजी म्हणले, ती म्हणली न्हाई का मुद्दाम वाजवत्यात म्हणून, ऐका गप."

"आन् शेवटी?" मी विचारलं.

"शेवटी तुमी म्हणलाव, दार लावून ऐकते, चालंल न्हवं? आत्याबाई उटल्या आन् टेप बंद केला. मग मला भज्जी वाडली."

मल्हारीमामा गेल्यावर अप्पा माझ्याकडे वळले. "कामून केलीस गं हे?" एवढंच म्हणाले. त्यात राग कमी होता आणि भीती जास्त. ठरलेलं मोडलं की मुलीच्या नावानं काय काय बोललं जातं, ते हेडमास्तर असूनही अप्पा थांबवू शकले नसते. त्यांनी टोपी घातली, छत्री घेतली. म्हणाले, "राजेश्वरला जाऊन माफी मागून येतो." मी म्हटलं, "अप्पा, माफी कशाची मागणार? मी खोटं काय बोलले?" ते दारात उभे राहिले. टोपी काढली, परत घातली, परत काढली. मग ओसरीत बसले आणि संध्याकाळपर्यंत छत्री मांडीवरून खाली ठेवली नाही. माझ्या बापावर मी इतकं प्रेम त्याआधी कधी केलं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मला गाण्यांसकट आठवतात, आणि गाणी एकही न ऐकता. हॉस्टेलवर परतले नाही, सुटी होती. घरात कुणी राजेश्वरचं नाव घेत नव्हतं. थंडी वाढत गेली, शेतात हुरड्याला आलेल्या ज्वारीवरची पाखरं हाकलायला जावं लागायचं. मी मचाणावर बसून गोफण फिरवायची आणि मनात तीच कॅसेट पुन्हा भरायची. गिरणीवाले काढून टाकले असते तर? नुसते हळवे ठेवले असते तर? मग स्वतःचाच संताप यायचा. गाळून गाळून जे उरेल ते आवडून घेणारा माणूस मला नको होता. आजही कुणासाठी गाणी निवडताना मी तिथेच येऊन अडते. समोरच्याला सोपं जावं म्हणून आपण किती वगळायचं, आणि कुठल्या गाण्यापाशी थांबून म्हणायचं, की हे नसेल तर बाकीच्यालाही अर्थ नाही? मला याचं उत्तर अजून नीट सापडलेलं नाही. भाचीसाठी गिरणीवाले आत्तापर्यंत चारदा काढले आणि परत घातले.

मग संक्रांत आली. सासरकडून होणाऱ्या सुनेला तीळगूळ आणि काळी साडी यायची रीत होती, त्यामुळे आत्याबाई येतील की नाही यावरच सगळं होतं. आल्या. आणि बरोबर दिगंबरराव. लग्नाआधी मुलानं असं यायचं नसतं, पण आईला बसमध्ये एकटीला कसं पाठवू, असं काहीतरी ते उंबऱ्यात पुटपुटले. आई पाणी आणायला गेली ती घागरच पालथी करून आली. अप्पांनी आल्या आल्या हात जोडले आणि म्हणाले, "पोरीचं चुकलं असंल तर..."

आत्याबाईंनी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. ठेंगणी बाई, नाकात मोठी नथ, आवाज घोगरा. "टेप मी बंद केला. रागानं न्हाई." मग माझ्याकडे वळल्या. "तू माज्या लेकाला इचारली होतीस न्हवं? मग समद्या गावानं कामून ऐकावं? घरी आल्यावर कॅसेट त्याच्या हातात दिली आन् म्हणलं, तुला काय इचारलंय बघ." इतकं बोलून त्या आईकडून तीळगुळाची वाटी घेऊन आत निघून गेल्या. जाताना आईला आणि अप्पांनाही आत घेऊन गेल्या. सोयरे म्हणून नव्हे, मास्तर म्हणून त्यांना काही विचारायचं होतं म्हणाल्या. काय विचारायचं होतं, ते अप्पांना शेवटपर्यंत कळलं नाही.

ओसरीत आम्ही दोघंच. मला लाजायला हवं होतं. पण माझ्या तोंडून भलतंच बाहेर पडलं, "गाणी कशी वाटली?"

"गाणी पळवली," दिगंबरराव म्हणाले. "तुमी मधी मधी बोललाव, तेवढंच ऐकलं. लई येळा."

दुसरी कुणी असती तर विरघळली असती. मला राग आला. सरळ राग आला. इतक्या जपून लावलेली गाणी, कोण आधी, कोण नंतर, आणि या माणसानं ती पळवली! मी म्हटलं, "मग काय उपेग? येक बी ऐकलं न्हाई?"

"शेवटचं ऐकलं," ते म्हणाले. "पुरं. कळलं न्हाई. खोटं कामून सांगू? पुढं बी कळंल का न्हाई, काय की." त्यांनी पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. "तुमी इचारलाव, चालंल का. आमच्या घरात आतल्या खोलीला दारच न्हाई. नुसता पडदा हाय. म्हणून सुताराकडं जाऊन आलो. बाभळीचं करायचं का सागाचं, तेवढं सांगा. सागाला येळ लागंल म्हणालाय."

"बाभळीचं चालतंय," मी म्हणाले. "पर लवकर करा."